हात लावू का, मॅडम?



सहलीला गेल्यावर मोठ्या माणसांच्या तोंडून तुम्ही सर्वांत जास्त वेळा कोणतं वाक्य ऐकता? 'डबा खाल्ला का?' हे नाही. 'रांगेत चला' हेही नाही. ते वाक्य म्हणजे, 'हात लावू नका!' किल्ला असो, वाडा असो, वस्तुसंग्रहालय असो, आपल्या मागे हे वाक्य सावलीसारखं फिरत असतं. मी शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाक्य मीही भरपूर वेळा म्हणते, बरं का!

पण आज या वाक्याबद्दलच थोडं बोलू या. हात नेमका कुठे लावायचा नाही? का लावायचा नाही? आणि कुठे लावला तर चालतं? इतकंच नव्हे, तर कुठे लावलाच पाहिजे?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे. चौथीच्या 'शिवछत्रपती' या पुस्तकामुळे हे गाव महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांना माहीत असतं. १२ जानेवारी १५९८ या दिवशी जिजाऊंचा जन्म इथे झाला. लखुजीराव जाधवांचा राजवाडा आजही आहे. त्याचा भव्य दरवाजा लांबूनच नजरेत भरतो. दरवर्षी १२ जानेवारीला इथे लाखो लोक येतात. गावात लखुजीरावांची समाधी आहे, निळकंठेश्वराचं देऊळ आहे, मोती तलाव आहे, पुतळा बारव आहे. एका दिवसात पाहून होऊ नये इतकं काही आहे!

पण पाहून म्हणजे काय? फक्त डोळ्यांनी पाहून? सहलीहून आलेल्या मुलांना मी विचारते, 'काय पाहिलंत रे?' तर उत्तर येतं, 'दरवाजा पाहिला, पुतळा पाहिला, फोटो काढले.' संपलं! चारशे वर्षांचं घर अर्ध्या मिनिटात संपतं. घर ही काय नुसती पाहायची वस्तू आहे? तुमचं स्वतःचं घर तुम्ही कसं ओळखता? रात्री दिवे गेले तरी माठापर्यंत तुमचे पाय बरोबर जातात. उंबरठा कुठे आहे ते तुमच्या अंगठ्याला ठाऊक असतं. आजीच्या खोलीचा वास वेगळा, स्वयंपाकघराचा वेगळा. कडी वाजली की कोणतं दार उघडलं ते पाठमोरे असतानाही कळतं. म्हणजे घर आपण डोळ्यांपेक्षा हातापायांनी, कानांनी आणि नाकानेच जास्त ओळखतो. मग जुनं घर ओळखताना ही बाकीची इंद्रियं बसमध्ये ठेवून का जायचं?

आता तुम्हाला माझ्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याचं नाव सांगत नाही, आपण त्याला 'दोस्त' म्हणू या. दोस्ताला जन्मापासून दिसत नाही. सिंदखेड राजाची सहल ठरली, तेव्हा त्याचे वडील शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, त्याले काय दिसनार हाय तिथं? बाकीचे पोरं पाहातीन अन् हा नुसता उभा राहीन. कायले पैसे वाया घालू?"

त्यांचं बोलणं वाईट हेतूचं नव्हतं. पोराला तिथे एकटं वाटेल, हीच त्यांची काळजी होती. मी म्हटलं, "दिसणार नाही, पण समजेल. पाठवून तर पाहा." थोडा वेळ ते गप्प राहिले, मग 'बरं' म्हणाले.

राजवाड्याच्या दरवाजात आल्याबरोबर बाकीची मुलं आत पळाली. दोस्त मात्र थांबला. त्याने दोन टाळ्या वाजवल्या. चार पावलं पुढे गेला, पुन्हा वाजवल्या. मग म्हणाला, "मॅडम, इथं वर छत हाय. अन् इथून पुढं उघडं हाय." अगदी बरोबर! दरवाजाच्या खाली टाळीचा आवाज दगडावर आपटून परत येतो, भरीव ऐकू येतो. उघड्या अंगणात तोच आवाज पसरून जातो, पातळ होतो. आम्ही सगळे त्याच दरवाजातून आलो होतो, पण हा फरक एकाच्याही कानाला कळला नव्हता.

मग त्याने विचारलं, "हात लावू का, मॅडम?"

मी तिथल्या चौकीदारदादांना विचारलं. ते म्हणाले, "साध्या भितीले लावू द्या. नक्षीले नको, अन् चुना निंगालेल्या जागी नको." दोस्ताने दोन्ही तळहात भिंतीवर ठेवले आणि सावकाश सरकवत गेला. "हा दगड गुळगुळीत हाय, हा खरबरीत. मधात बारीक फट हाय. मॅडम, इथं एक दगड संपला न?" मग त्याने खालून वर एकेक थर मोजायला सुरुवात केली. हात पुरेना, तेव्हा एका मुलीने त्याला सांगितलं, 'वर अजून खूप हायेत.' मग बाकीच्या मुलांनीही डोळे मिटून तळहात भिंतीला लावले. एकजण ओरडला, "मॅडम, इथं तं फ्रीजच्या दारावानी गार लागते!" बाहेर ऊन तापलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, जिजाऊ खरंच इथं राहत होत्या?" हा धडा त्याने परीक्षेसाठी पाठ केला होता. पण 'खरंच' हा शब्द त्याच्या तोंडून भिंतीला हात लावल्यावर आला.

आता या भिंतीचा गारवा कुठून येतो ते पाहू. जुन्या भिंती जाडजूड असतात. जाड दगडमातीची भिंत हळूहळू तापते. बाहेरचं ऊन आतल्या बाजूला पोहोचायला कित्येक तास लागतात, आणि तोवर संध्याकाळ होते! म्हणून भर दुपारी वाड्याच्या आत गार वाटतं. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांचंही तसंच. वर मातीचा जाड थर, भिंती पांढऱ्या मातीच्या. पंखा नव्हता, कूलर नव्हता, तरी मलकापूर-नांदुऱ्याकडच्या उन्हाळ्यात माणसं त्या घरांत सुखाने दुपारची झोप घेत.

दुसरंही एक कारण आहे. दगड तुमच्या तळहातातली उष्णता भराभर ओढून घेतो, म्हणून तो हाताला गार लागतो. लाकूड तशी ओढून घेत नाही. खोटं वाटतं? आज रात्री स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवा. सकाळी एक हात ताटावर, एक पोळपाटावर ठेवून पाहा. दोन्ही एकाच खोलीत रात्रभर होते, दोघांचं तापमान सारखंच. तरी ताट गार लागेल! आहे की नाही गंमत? जुन्या वाड्यात उन्हाळ्यात दगडी फरशीवर का झोपत आणि थंडीत लाकडी पाटावर का बसत, ते आता तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

दगडाची आणखी एक गोष्ट ऐका. आपल्या भागातला दगड काळा, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थंड होऊन तो तयार झाला. लोणारचं प्रसिद्ध विवर याच खडकात आहे. तो इतका टणक, की त्यावर काम करताना पाथरवटाच्या छिन्नीची धार पुन्हा पुन्हा जाते. २०२४ साली लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना, जवळच जमिनीखाली शेषशायी विष्णूची एक सुंदर मूर्ती सापडली. लांबी सुमारे पावणेदोन मीटर, उंची एक मीटर. पण ही मूर्ती आपल्या काळ्या दगडाची नाही! ती क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊ दगडाची आहे. तसा दगड आपल्याकडे मिळत नाही, म्हणून तज्ज्ञांची नजर दक्षिण भारताकडे गेली. बघा, दगड मऊ की टणक, एवढ्या गोष्टीवरून मूर्तीच्या प्रवासाचा माग लागतो!

त्या मूर्तीला आपण हात लावायचा नाही. पण फरक घरी अनुभवता येतो. एका हाताने आईचा पाटा चाचपा आणि दुसऱ्या हातात पाटीवर लिहायची पेन्सिल घ्या. पेन्सिलही दगडाचीच, पण टोकदार वस्तूने सहज कोरली जाते. पाट्यावर तसा ओरखडा काढून दाखवा बरं! मऊ दगडात दागिन्यांची बारीक नक्षी का जमते आणि काळ्या दगडाचे बुरूज का टिकतात, हे मग पुस्तक न उघडताही कळतं.

आता पुन्हा सहलीकडे. परतीच्या वाटेवर आम्ही एका जुन्या देवळाच्या ओवरीत डबे खायला थांबलो. दोस्ताने सवयीने तिथल्या खांबाला हात लावला आणि त्याचं बोट एका जागी अडलं. "इथं काहीतरी लिहेल हाय. काय हाय?" शेजारच्या मुलाने वाचून दाखवलं. कोणीतरी खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं, खाली बाण आणि साल.

"हे बी जुनं हाय का?" दोस्ताने विचारलं.

"नाही रे, दोन वर्षांपूर्वीचं."

"मंग याच्या खाली जे जुनं होतं, ते आता मले कधीच सापडनार नाही न?"

मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. तुम्हाला येतं का, पाहा. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ते फक्त घाणेरडं दिसतं. पण बोटांनी वाचणाऱ्यासाठी ते पुस्तकाचं पानच फाडून टाकण्यासारखं आहे.

म्हणून हातांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एक वाचणारा हात आणि एक ओरखडणारा हात. वाचणारा हात कोरडा, स्वच्छ, हलका असतो. तो आधी विचारतो आणि मग टेकतो. ओरखडणाऱ्या हातात खिळा असतो, खडू असतो, नाहीतर किल्ली असते. हा खोडसाळपणा नुसता वाईट नाही, तर गुन्हाही आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस केली, तर १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, 'मॅडम, वाचणारा हात असला तर मग कुठेही लावायचा का?' नाही! तळहाताला घाम असतो, घामात मीठ असतं, त्वचेला तेल असतं. एका हाताने काही होत नाही. पण रोज हजार हात लागले, तर रंग काळवंडतो, धातू गंजतो, चुन्याचा गिलावा सुटतो. शेजारच्या अजिंठ्याचंच उदाहरण घ्या. तिथली चित्रं थेट खडकावर नाहीत. खडकावर मातीचा लेप, त्या मातीत भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, त्यावर पातळ पांढरा थर आणि मग रंग. अशा भिंतीवर बोट फिरवलं, तर दीड हजार वर्षांचा रंग पापुद्र्यासारखा निघून येईल. तिथे तर गर्दीच्या श्वासातल्या ओलाव्याचीसुद्धा काळजी करावी लागते. मग तिथे 'हात लावू नका' म्हणजे नाहीच लावायचा. तिथे डोळे वापरा.

दगडसुद्धा झिजतो बरं का! कोणत्याही जुन्या वाड्याची किंवा देवळाची पायरी पाहा. मधोमध ती किंचित खोलगट असते. तो खळगा शेकडो वर्षांच्या पावलांनी पाडला. त्या खळग्यात पाय ठेवला, की आपण त्या सगळ्यांच्या मागे रांगेत उभे राहतो. पण तोच खळगा आपल्याला हेही सांगतो, की प्रत्येक स्पर्श काही ना काही घेऊन जातो. तेव्हा जपून.

मग ज्यांना दिसत नाही, त्यांनी चित्रं, मूर्ती, इमारती कशा अनुभवायच्या? यावरही माणसांनी उपाय शोधले आहेत. इटलीतल्या अँकोना शहरात अल्डो ग्रासिनी आणि डॅनिएला बोत्तेगोनी हे अंध पती-पत्नी होते. दोघांना प्रवासाची भारी हौस. पण जिथे जावं तिथल्या संग्रहालयात तेच वाक्य, 'हात लावू नका!' शेवटी त्यांच्या प्रयत्नांतून १९९३ साली अँकोनात 'ओमेरो' हे संग्रहालय सुरू झालं. तिथे सगळ्याला हात लावायचा! प्रसिद्ध पुतळ्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आणि मोठमोठ्या इमारतींच्या लहान प्रतिमा तिथे आहेत. ओमेरो म्हणजे होमर, ग्रीकांचा महाकवी. तो अंध होता असं मानतात. स्पेनमधल्या माद्रिद शहरातही असंच एक संग्रहालय १९९२ साली उघडलं. आणि आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचं दालन सुरू झालं. त्यात हाताने चाचपून पाहण्यासाठी प्रतिकृती ठेवल्या आणि सोबत ब्रेल लिपीत माहिती. मूळ वस्तू सुरक्षित, आणि हातांनाही मेजवानी!

आपल्या जिल्ह्यातल्या राजवाड्याची अशी एक दगडी प्रतिमा दरवाजाजवळ असली तर? मोठा दरवाजा, अंगण, तळघरं, सगळं बोटांनी चाचपता येईल अशी? दोस्तासारख्या मुलांना सगळा वाडा एका दमात दोन हातांत घेता येईल. तुम्हालाही आवडेल ना?

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे, ते पाहू. प्रत्येकाच्या गावात एखादं तरी जुनं घर असतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरातले दिवे, अडकित्ते, दरवाजे, स्वयंपाकाची भांडी यांचा मोठा खजिना आहे. दिनकर केळकरांनी त्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकल्या. तिथे त्या जपून ठेवाव्याच लागतात. पण तशीच जुनी कडी, तसंच जातं, तसाच कोनाडा तुमच्या आजीच्या घरी असेल, तर तिथे हात लावायला कोण अडवतं?

तर या सुटीत एवढं करून पाहा.

१. घरातल्या किंवा ओळखीच्या जुन्या घरात मोठ्यांच्या परवानगीने दहा मिनिटं डोळ्यांना रुमाल बांधून फिरा. सोबत एक मित्र हात धरायला हवाच. किती वेळा वाकावं लागलं, किती उंबरठे लागले, ते मोजा. जुनी दारं बुटकी असत. वाकून आत येणाऱ्याला तलवार उगारता येत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात.

२. आजीला जात्यावर बसवा आणि खुंट्यावर तिच्या हाताजवळ तुमचा हात ठेवा. रिकामं जातं आणि दाणे घातलेलं जातं, दोन्हींचा आवाज आणि जडपणा यांतला फरक वहीत लिहा.

३. घरच्या जुन्या दारावर नक्षी असेल, तर तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. नाण्याचा ठसा घेतो ना, तसा ठसा उमटेल. हे फक्त घरच्या दारावर! संरक्षित वास्तूंवर मुळीच नाही.

४. बळद, पेव, ढेलज, अडसर, माळवद या शब्दांपैकी कोणकोणत्या वस्तू तुम्ही हाताने चाचपल्या आहेत? राहिल्या असतील त्या शोधा. आपल्या गावात या वस्तूला दुसरं काही म्हणतात का, हेही विचारा.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलांना घेऊन एखाद्या वाड्यात जाल, तेव्हा पहिली पाच मिनिटं मोबाइल खिशात राहू द्या. जिथे परवानगी आहे तिथे त्यांना अनवाणी चालू द्या, भिंतीला टेकून बसू द्या, सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत येऊ द्या. 'लवकर चला' थोडं कमी म्हणा. घरातलं एखादं मूल पाहू किंवा ऐकू शकत नसेल, तर त्याला 'तुला काय कळणार' म्हणून मागे ठेवू नका. आणि गावाकडचं जुनं घर पाडायचंच ठरलं असेल, तर सागवानाचा सौदा होण्याआधी एक दिवस लेकरांना तिथे न्या. खांबाला मिठी मारू द्या, कोनाड्यात हात घालू द्या, पणजोबांनी बसून गुळगुळीत केलेल्या ओट्यावर बसू द्या. नवं घर चांगलंच होईल, पण तो ओटा पुन्हा बनवता येणार नाही.

आणि मुलांनो, रुमाल बांधून फिरताना तुम्हाला कोणती गोष्ट पहिल्यांदाच सापडली, ते मला संपादककाकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. पत्रात फक्त 'छान वाटलं' असं लिहू नका हं! गार की कोमट, गुळगुळीत की खरबरीत, वास कसला, आवाज कसा, ते सगळं लिहा. ज्या वस्तूचं नाव कळलं नाही, तिचं चित्र काढून पाठवा. तिचं नाव आपण मिळून शोधू.

तुमची,
मॅडम